हलक्या वेषाची हकिकत

दिवाळी अंकात इतिहासावरचा लेख दिसला की वाचकांच्या डोळ्यांपुढे गड, तह आणि खलिते उभे राहतात. मी ज्या वस्तूची हकिकत सांगणार आहे तिचे वय जेमतेम साडेतीन दशकांचे आहे. ती हातात धरता येत नाही, आणि घरातल्या पुष्कळांनी ती हजारदा पाहूनही तिच्याकडे कधी लक्ष दिलेले नाही. ती वस्तू म्हणजे संकेतस्थळाचा वेष. जाणती मंडळी त्याला ‘थीम’ म्हणतात आणि मराठीतही आता तोच शब्द रुळला आहे. संकेतस्थळावरचा मजकूर ही एक गोष्ट आणि तो कोणत्या अक्षरांत, कोणत्या रंगात, किती चौकटींत आणि किती चित्रांसह समोर यावा हे ठरवणारा वेष ही दुसरी गोष्ट. मजकूर तोच ठेवून वेष बदलता येतो. मात्र वाचकाने पान उघडले की मजकुराबरोबर या वेषाचे गाठोडेही त्याच्या फोनला वाहून आणावे लागते. त्या गाठोड्याच्या वजनाचा इतिहास, हा आजचा विषय.

हा विषय मला सुचला तो पालघर-बोईसरच्या मुलखात राहत असल्यामुळे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आमचा पालघर जिल्हा झाला. याच पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, तारापूरला, १९६९ पासून अणूच्या शक्तीवर वीज तयार होत आली आहे, आणि बोईसरला लागून एमआयडीसीच्या गाळ्यांची नि कारखान्यांची मोठी वस्ती पसरली आहे. त्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे डोंगरही आहेत, आणि तिथल्या पाड्यांवर फोनचे जाळे सापडावे म्हणून उंचवट्यावर जाऊन उभा राहणारा माणूस आजही भेटतो. एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली. त्या गाडीत पालघर सोडून उमरोळी, उमरोळी सोडून बोईसर असा प्रवास करताना शेजारच्या उतारूच्या फोनकडे पाहावे. एखादे पान झटकन उघडते. दुसरे मात्र स्टेशन येऊन गेले तरी पांढरेच राहते. एकच फोन, एकच जाळे, एकच डबा, आणि तरी हा फरक का? माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा प्रश्न पडला की तो मुळाशी जाऊ पाहतो.

मुळाशी गेले तर असे दिसते की आरंभी वेष नव्हताच. जिनिव्हाजवळच्या सर्न या विज्ञानसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने जागतिक जाळ्याची कल्पना १९८९ साली मांडली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगापुढे ठेवली. त्याचे पहिले पान म्हणजे नुसती अक्षरे आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. रंगरूप कसे असावे हे बहुतांशी वाचणाऱ्याचे यंत्रच ठरवी. पुढे लोकांना नटण्याची हौस आली. कोणी मजकूर तक्त्यांच्या चौकटींत कोंबू लागले, कोणी मथळ्यांचीच चित्रे करून लावू लागले. तेव्हा ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याच संस्थेतल्या होकोन विउम ली या नॉर्वेच्या तरुणाने सुचवले की मजकूर एका कागदात असावा आणि त्याचा पेहराव दुसऱ्या कागदात लिहावा. डिसेंबर १९९६ मध्ये या पद्धतीला जाळ्याच्या नियामक मंडळाची शिफारस मिळाली. तिलाच आज सीएसएस म्हणतात. मजकूर आणि वेष यांची अधिकृत फारकत ती हीच. या फारकतीचा हेतू काटकसरीचाही होता. एकदा आणलेला पेहरावाचा कागद वाचकाच्या यंत्रात राहतो आणि पुढच्या दहा पानांना तोच पुरतो.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. टेलिफोनच्या तारेला मोडेम नावाची पेटी जोडायची, ती कर्कश किंचाळायची, आणि मग अक्षरे पाझरू लागायची. विद्यार्थ्यांसाठी नुसती अक्षरे दाखवणारे स्वस्त खाते असे. पुढे या पेट्यांचा वेग वाढत वाढत सेकंदाला छप्पन्न किलोबिटपर्यंत गेला. हिशेबाची आवड असणाऱ्यांनी आठाने भागून पाहावे: सेकंदाला सात किलोबाइट, तेही तार अगदी निर्मळ असेल तर. शंभर किलोबाइटचे पान उघडायला चौदा-पंधरा सेकंद लागत, आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकून बिल चढत राही. त्या काळी पाने तयार करणारा प्रत्येक चित्र लावताना दहादा विचार करी. हलकेपणा हा तेव्हा कोणाचा सद्गुण नव्हता; रस्ताच अरुंद होता, म्हणून सारेच थोड्या सामानानिशी चालत.

मराठीची अडचण याहून निराळी होती. देवनागरी अक्षरे दाखवायची कशी, यावर एकमत नव्हते. प्रत्येक वृत्तपत्राचा अक्षरसंच वेगळा. तो आधी उतरवून घ्यावा तेव्हा बातमी वाचायची. नाही घेतला तर पडद्यावर नुसते चिन्हांचे कडबोळे. काहींनी तर अख्खा मजकूर चित्रे करून लावला. ज्या बातमीला पाच किलोबाइट पुरे, तिला पन्नास लागत. या गोंधळातून सोडवले ते युनिकोडने. जगातल्या लिप्यांना एकाच क्रमात जागा देणाऱ्या या योजनेत १९९१ पासून देवनागरी होती, पण घरोघरच्या संगणकांवर ती पोचायला पुढचे दशक उजाडले. मे २००३ च्या पहिल्या तारखेला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला तो याच पायावर.

येथे एक तक्रार नेहमी ऐकू येते, तिचा निकाल लावून पुढे जाऊ. युनिकोड साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे मराठी जात्याच जड, असे काही जण म्हणतात. पण मोजून पाहावे. प्रस्तुत लेखाएवढा दोन हजार शब्दांचा मजकूर सुमारे चाळीस किलोबाइटांत मावतो, आणि पाठवताना त्याची घडी घालण्याची सोय असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी वजन वाहावे लागते. उलट फोनने काढलेले एकच छायाचित्र तीन-चार हजार किलोबाइटांचे असते. ज्ञानेश्वरांपासून आजतागायत जड म्हणून जी मराठी बदनाम झाली ती अर्थाने असेल. वजनाने ती कधीच जड नव्हती. जड झाला तो तिच्यावर चढवलेला साज.

हा साज घरोघर कसा पोचला? मराठी विकिपीडिया ज्या महिन्यात सुरू झाला त्याच महिन्यात, २७ मे २००३ रोजी, मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी वर्डप्रेस नावाची लेखनसामग्री विनामूल्य खुली केली. एक अमेरिकेतला, दुसरा इंग्लंडातला. बंद पडू पाहणाऱ्या एका जुन्या सामग्रीवर त्यांनी आपले काम उभारले. फेब्रुवारी २००५ च्या आवृत्तीत तिच्यात थीमची सोय आली. तोवर रूप बदलायचे तर जाणकाराला बोलवावे लागे. आता वेषांची पेटी उघडावी, एक निवडावा आणि अंगावर चढवावा, इतके सोपे झाले. गावोगावचे शिक्षक, कवी, दुकानदार, डॉक्टर या सोयीमुळे संकेतस्थळांचे मालक झाले. ही लोकशाही मोठीच, तिचे मोल मी कमी लेखत नाही.

पण सोय आली की व्यापार येतो. वेष विकण्याचा धंदा उभा राहिला. हजारो ग्राहकांना एकच वेष विकायचा तर त्यात प्रत्येकाच्या हौशीची तरतूद हवी. उपाहारगृहाची पत्रिका, वकिलाची भेटीची वेळ, छायाचित्रकाराची सरकती चित्रे, लग्नाची उलटी गणती, सगळेच एका गाठोड्यात. शाळेने तो वेष घेतला तर तिला लागो न लागो, बरेचसे सामान वाचकाकडे जायचेच. त्यातच २००६ साली जेक्वेरी ही हालचालींचे काम सुकर करणारी सामग्री आली. ती फारच उपयोगी होती, म्हणूनच एक फडताळ उघडण्यासाठीही ती सर्रास वापरली जाऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, देशात चौथ्या पिढीचे जाळे स्वस्त झाले, आणि रस्ता रुंद झाला असे म्हणून गाड्या आणखी भरल्या गेल्या. एचटीटीपी आर्काइव्ह नावाचा एक प्रकल्प २०१० पासून जगभरच्या पानांची वजने नोंदवतो आहे. त्याच्या नोंदीत आरंभी मधल्या वजनाचे पान अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास होते. २०२२ साली फोनवरचे तसेच पान दोन मेगाबाइटांवर गेलेले दिसते. बारा वर्षांत चौपट!

आणि ओझे नुसते वाटेवरच लागते असे नाही. चित्र आले की ते दाखवायचे, इतकेच काम असते. पण वेषाबरोबर येणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आज्ञा फोनला वाचाव्या लागतात, समजून घ्याव्या लागतात आणि पाळाव्या लागतात. महागड्या फोनला ते चटकन जमते; सहा-सात हजारांचा फोन तिथेच धापा टाकतो. म्हणजे जड वेषाचा दंड भरतो तो ज्याच्याकडे जाळेही दुबळे आणि फोनही स्वस्त, असा वाचक.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून बोईसरची एक हकिकत सांगतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा एमआयडीसीत एका लहान गाळ्यात जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. पावसाळा हा त्याचा हंगाम. पाणी शिरून पंपाची मोटार जळते, रात्रपाळीचा माणूस हवालदिल होतो आणि फोनवर दुरुस्ती करणाऱ्याचा नंबर शोधू लागतो. म्हणून त्याने संकेतस्थळ केले होते, आणि त्यासाठी एक विकतचा वेष घेतला होता. उघडताच पाच भव्य छायाचित्रे एकामागून एक सरकत, अक्षरे चारी बाजूंनी उडत येत, आणि नंबर असे तो तळाशी. एका जुलैतल्या रात्री जवळच्याच कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाने ते पान उघडले. ते उघडेना, तेव्हा त्याने दुसऱ्याला बोलावले. चार मोटारींचे काम गेले. “तुमचे पान पांढरेच राहिले हो, मग काय करणार?” हे त्याचे दुसऱ्या दिवशीचे शब्द पुतण्याच्या जिव्हारी लागले.

त्याची बायको, आमची सूनबाई, लग्नाआधी एका कारखान्यात हिशेब ठेवीत असे. तिने जाहिराती वाचून नवा वेष निवडला नाही. तिने हिशेबाची वही काढली. आपल्या संगणकावर संकेतस्थळाची एक कोरी प्रत उभी केली. तीत नाव, पत्ता, नंबर, कामाची यादी आणि चार छायाचित्रे एवढाच खरा मजकूर ठेवला. मग पाच वेष त्याच मजकुरावर एकामागून एक चढवले. प्रत्येकाचे वजन किती, सामान आणायला यंत्राला किती फेऱ्या कराव्या लागल्या आणि जाळे मुद्दाम मंद केले असता नंबर किती सेकंदांनी दिसला, हे तीन रकाने. ब्राउझरमध्येच हे मोजण्याची सोय असते, तीच तिने वापरली. आधीचे साठवलेले सामान दर वेळी पुसून प्रत्येक वेष तीनदा मोजला आणि मधला आकडा धरला. विक्रेत्याचा नमुना पाहू नये, आपला मजकूर घालून पाहावा, हा तिचा नियम मला फार शहाणपणाचा वाटला. शालू दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावर पाहून घेतला तर फसगत व्हायचीच.

तिच्या वहीत जुन्या पानाचे वजन चार मेगाबाइट भरले. बिटांत ते बत्तीस मेगाबिट. सेकंदाला एक मेगाबिट देणाऱ्या दुबळ्या जाळ्यावर बत्तीस सेकंद. मोडेमच्या जमान्यात त्याला जवळजवळ दहा मिनिटे लागली असती! नव्या वेषात, छायाचित्रे योग्य मापाची केल्यावर, पान चारशे किलोबाइटांत बसले. त्याच जाळ्यावर सव्वातीन सेकंद. शिवाय नंबर माथ्यावर आल्यामुळे चित्रे यायच्या आतच तो दिसू लागला.

पुतण्याचे समाधान होईना. “काका, तुम्हीच सांगा, पान अगदीच साधे दिसते. बाजारात आपली पत काय राहील?”

मी काही बोलण्याआधीच सूनबाई म्हणाली, “मोटार बंद पडलेल्या माणसाला आपला नंबर हवा असतो. आरास दिवाळीत गाळ्याच्या दाराशी करू.”

काका हसले आणि पुतण्याने मान्य केले, हे सांगायला नकोच. पुढच्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री त्याच्या घरी फोन वाजू लागले.

सूनबाईला बोईसरच्या गाळ्यात जे उमगले त्यावरच पुण्यातल्या काही तरुणांनी मोठा उद्योग उभा केला, हा या इतिहासातला आपल्याला अभिमान वाटावा असा भाग. सुजय पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स या पुण्याच्या कंपनीने २०१७ साली ‘अस्त्रा’ नावाची थीम बाहेर काढली. तिचा मुख्य दावाच हलकेपणाचा होता: मूळ वेषाचे सामान पन्नास किलोबाइटांच्या आत, आणि जेक्वेरीचा आधार न घेता. ज्याला जे हवे ते त्याने वर जोडावे. न मागितलेले सामान कोणाच्या माथी नको. २०२० साली ही थीम वापरणाऱ्या चालू संकेतस्थळांची संख्या दहा लाखांवर गेली. वर्डप्रेसबरोबर आपोआप मिळणारे वेष सोडले तर हा टप्पा गाठणारी ती पहिलीच. आपल्याकडे हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि फेकायचे ते अस्त्र. फेकायची वस्तू हलकी असावी लागते, हे नाव ऐकून मला सुचले.

तोवर मोठ्या बाजारपेठेलाही जाग आली होती. गूगलने एप्रिल २०१० मध्ये पानाचा वेग हा शोधातल्या क्रमासाठी विचारात घेतला जाईल असे जाहीर केले, जुलै २०१८ पासून फोनवरच्या शोधालाही तो लागू केला, आणि २०२१ पासून पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशा तऱ्हेच्या कसोट्या त्यात घातल्या. जानेवारी २०२२ च्या वर्डप्रेसबरोबर ठोकळ्यांनी रचायचा नव्या धाटणीचा वेष आला. त्यात पानावर जे ठोकळे वापरले असतील त्यांचाच पेहराव धाडला जातो. १९९६ साली मजकूर आणि वेष यांची फारकत करताना जी काटकसर मनात होती, ती अशी फिरून दारी आली.

मात्र वेष बदलला की सारे साधले असे कोणी मानू नये. अवाढव्य छायाचित्रे तशीच ठेवली, दहा जोडसामग्र्या लटकवल्या, मजकूर साठवणारे यंत्र दूर देशी आणि मंद असले, तर हलका वेषही लंगडतो. देवनागरीचा शोभिवंत अक्षरसंच पानाबरोबर धाडायचा असेल तर तोही मोजून घ्यावा. आपल्या जोडाक्षरांमुळे त्यात शेकडो आकृत्या असतात. त्याचे चार वजनी प्रकार मागवण्याऐवजी एक-दोन पुरतात, आणि फोनमध्ये मुळातच असलेली अक्षरे वापरली तर वाटखर्च शून्य. शिवाय वेष कोण सांभाळतो, तो वेळोवेळी दुरुस्त होतो की नाही, हेही पाहावे. टाकून दिलेला वेष कितीही हलका असला तरी त्याच्या फटीतून चोर शिरतो.

आणि साधेपणा म्हणजे दारिद्र्य नव्हे. आमच्याच जिल्ह्यातली वारली चित्रकला पाहा. लाल मातीने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि गोल, त्रिकोण, चौकोन असे मोजके आकार. एवढ्यातून लग्नाचा चौक, तारप्याचा नाच, शेतीची कामे, सारे जग उभे राहते. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. जाळ्यावर चित्र पाठवण्याची एसव्हीजी नावाची रीत आहे, २००१ साली मान्य झालेली. तिच्यात ठिपक्याठिपक्याने चित्र धाडत नाहीत. येथे गोल काढ, येथे त्रिकोण, अशा सूचना धाडतात आणि वाचकाचे यंत्र ते रेखाटते. वारलीतला एक माणूस अशा रीतीने हजार बाइटांच्याही आत पोचतो, आणि कितीही मोठा केला तरी त्याची कड फाटत नाही. त्याच माणसाचे छायाचित्र शेकडो किलोबाइटांचे व्हायचे. मोजक्या आकारांत पुष्कळ सांगण्याची विद्या या मातीत आधीपासून आहे.

एवढ्या इतिहासातून मला जे दिसते ते असे. रस्ता अरुंद होता तेव्हा हलकेपणा सक्तीचा होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो ऐच्छिक झाला, आणि ऐच्छिक होताच बहुतेकांनी टाकून दिला. पुन्हा रुंदी वाढेल, पुन्हा ओझे वाढेल. ते मोजण्याचे काम यंत्र करते, पण कोणासाठी मोजायचे हे माणसाने ठरवावे लागते. मोखाड्याच्या उंचवट्यावर उभा असलेला वाचक, रात्रपाळीत अडलेला कामगार, दिवसाचा डेटा संपत आलेली विद्यार्थिनी यांना डोळ्यांपुढे ठेवून जो वेष निवडतो त्याचे पान उघडते. या दिवाळीत आपल्या घरातल्या एखाद्या मुलाने किंवा सुनेने दुकानाचे, शाळेचे, मंडळाचे संकेतस्थळ करायला घेतले, तर त्यांच्या हाती हिशेबाची एक कोरी वही जरूर द्यावी. बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद, एवढ्यावर आपला आकाशकंदील झुलतो. त्याच्या उजेडाबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली ऐकिवात नाही.